पंच्याहत्तर की पासष्ट? पाथर्डी फाट्याच्या एका हॉलमधल्या टीव्हीचं प्रकरण

नाशिकच्या पाथर्डी फाट्याला माझ्या मावसभावाचा टू बीएचके आहे, हॉल साधारण दहा बाय पंधरा. जुना ४३ इंची टीव्ही बेडरूमला टाकायचा आणि हॉलला मोठा घ्यायचा, बजेट ८० हजार, तेही सगळं धरून, म्हणजे भिंतीवर लावायचा खर्च, केबल, वर काय निघेल ते. माणसं पाच आणि पाचांच्या पाच तऱ्हा. मावशीला दुपारी मालिका, काकांना न्यूज चॅनल आणि मॅच, भाऊ-वहिनी रात्री जेवणं उरकली की लाईट बंद करून पिक्चर लावणारे, आणि पुतण्या कॉलेजला, त्याच्याकडे गेम खेळायचा पीएस५ कन्सोल. हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी, त्यामुळे दुपारी तीननंतर ऊन थेट समोरच्या भिंतीवर.

भावाचं जवळपास ठरलेलंच होतं. सेलमध्ये एक ७५ इंची फोरके क्यूएलईडी सत्तर हजाराच्या आतबाहेर दिसत होता आणि त्याचं म्हणणं असं की, "दादा, पैसे तेवढेच जातायत ना, मग मोठाच घेऊ, पुढची आठ-दहा वर्षं परत बघायला नको." आता ह्यात चूक काढण्यासारखं वरकरणी काहीच नाही. साईझ डोळ्याला दिसते, बाकीच्या गोष्टी दिसत नाहीत, आणि पाहुणे आले की "केवढा आहे हो" एवढंच विचारतात, बॅकलाईटचे झोन किती असं कोणी विचारत नाही.

पण मी त्याला एकच गोष्ट आधी ठरवायला लावली, की टीव्हीतलं नंतर काय बदलता येतं आणि काय नाही. सॉफ्टवेअर स्लो पडलं तर चार-पाच हजाराची स्टिक लागते मागे, विषय संपला. आवाज बारीक वाटला तर साउंडबार. पण पॅनल, त्याच्या मागचा बॅकलाईट, रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते, हर्ट्झमध्ये मोजतात) आणि एचडीएमआय पोर्ट हे जे खोक्यातून येतं ते शेवटपर्यंत तसंच राहतं. म्हणून पैसे तिकडे घालायचे, आणि गुगल टीव्ही आहे का, रिमोटला आवाजाने बोलता येतं का, ह्या गोष्टींना शून्य मार्क. ह्यावर तो लगेच म्हणाला की साईझपण बदलता येत नाही मग. बरोबर आहे, पण अंतर बदलता येतं, आणि टीव्ही किती मोठा वाटतो हे इंचापेक्षा अंतरावर ठरतं.

मग टेप काढली. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यापासून भिंतीपर्यंत नऊ फूट. ६५ इंची टीव्हीची रुंदी १४४ सेंटीमीटर असते, ७५ इंचीची १६६. नऊ फुटांवरून ६५ इंची नजरेचा साधारण २९ अंशाचा कोन व्यापतो आणि ७५ इंची ३४ अंशाचा. पिक्चरसाठी निदान ३० अंश तरी हवा असा जुना ठोकताळा आहे आणि थिएटरसारखं वाटायला ४० पर्यंत जा म्हणतात. म्हणजे ह्या हिशोबाने ७५ जिंकला. पण सोफ्याच्या पुढे सव्वा फूट मोकळी जागा होती, तिथे नुसती चपलांची रॅक आणि मावशीचं शिलाई मशीन. सोफा एक फूट पुढे घेतला की आठ फुटांवरून ६५ इंचीच ३३ अंशाचा होतो. म्हणजे सोफा एक फूट सरकवून ७५ वाल्याच्या जवळपास पोचलो, आणि सोफा सरकवायला काही लागत नाही, मशीन तेवढं बाल्कनीजवळ न्यावं लागलं आणि त्यावरून मावशी दोन दिवस कुरकुरली ते सोडा.

ही आकडेमोड भावाला पटली पण मनाला पटेना, कारण ७५ चा पडदा क्षेत्रफळाने ६५ पेक्षा ३३ टक्के मोठा आहे आणि दुकानात शेजारी शेजारी ठेवले की ६५ वाला बिचारा वाटतो. शोरूममध्ये साईझ ठरवायचीच नाही, घरी भिंतीवर टेपने चौकोन आखून बघायचा. आम्ही पेपरवाल्या रद्दीची पानं चिकटवून १४४ बाय ८१ चा चौकोन केला आणि सोफ्यावर बसून बघितलं. काका म्हणाले एवढा मोठा करायचाय काय भिंतीला, आणि साईझचा वाद तिथेच मिटला.

आता खरा मुद्दा, ७५ वाल्यात नक्की काय कमी होतं. ह्या किमतीतले बहुतेक ७५ इंची टीव्ही ६० हर्ट्झचे असतात आणि लोकल डिमिंग नसतं. क्यूएलईडी हे नाव ऐकून लोकांना ते ओएलईडीच्या जवळचं काहीतरी वाटतं, पण क्यूएलईडी हा साधा एलसीडीच आहे, मध्ये क्वांटम डॉटची फिल्म टाकल्याने रंग गडद येतात एवढंच. काळा रंग किती काळा दिसणार हे मागच्या बॅकलाईटवर असतं. लोकल डिमिंग नसलेला टीव्ही म्हणजे अख्ख्या घराचे दिवे एकाच बटणावर, एका खोलीत उजेड हवा तर सगळीकडे उजेड. मिनी एलईडीमध्ये मागचे बारीक दिवे शेकडो झोनमध्ये वाटलेले असतात आणि प्रत्येक झोन वेगळा मंद होतो. रात्री लाईट बंद करून पिक्चर बघणाऱ्या घरात हा फरक पहिल्या अंधाऱ्या सीनला कळतो, राखाडी धुकं की काळोख. आणि ब्राइटनेस. एचडीआरचे, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारे पिक्चर बऱ्याचदा १,००० निट्स (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं माप) धरून बनवलेले असतात, स्वस्त टीव्ही २५०-३५० निट्सला दम टाकतात, मग खोक्यावर एचडीआर१०, डॉल्बी व्हिजन, काहीही छापलेलं असो, टीव्हीला सिग्नल कळतो पण दाखवायला उजेडच नसतो. वर ह्यांच्याकडे पश्चिमेची खिडकी. म्हणजे दुपारच्या मालिकेलासुद्धा ब्राइटनेस हवाच होता, नुसत्या रात्रीच्या पिक्चरला नाही.

ओएलईडीचा विचार केला नाही असं नाही, काळा रंग म्हटलं की तोच राजा, प्रत्येक पिक्सेल स्वतःचा उजेड स्वतः पाडतो. पण ६५ इंचीत बजेटच्या पार बाहेर, आणि काकांचं न्यूज चॅनल दिवसाला चार-पाच तास, खाली तीच लाल पट्टी, कोपऱ्यात तोच लोगो. अशा वापरात ओएलईडीला डाग राहायची भीती खरीच असते. सुटं कपल असतं, पडदे ओढून फक्त पिक्चर बघणारं, तर मी ५५ इंची ओएलईडीकडे ढकललं असतं.

गेमिंगचं प्रकरण थोडं किचकट आहे आणि लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. कॉलेज रोडच्या एका शोरूममध्ये सेल्समनने ठामपणे सांगितलं, "सर, ह्यात वन ट्वेंटी आहे," आणि बोट दाखवलं ते स्टिकरवर, जिथे बारीक अक्षरात एमईएमसी लिहिलं होतं. एमईएमसी म्हणजे टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवलेली फ्रेम घुसवतो, मोशन गुळगुळीत दिसावं म्हणून. त्याचा पॅनल खरंच १२० वेळा रिफ्रेश होतो की नाही ह्याच्याशी संबंध असेलच असं नाही, आणि गेम मोडमध्ये ते बहुतेक बंदच होतं कारण त्याने लॅग वाढतो, म्हणजे बटण दाबल्यावर चित्र उशिरा हलतं. दुसरा प्रकार डीएलजीचा, ज्यात ६० हर्ट्झचा पॅनल आडव्या रेषा अर्ध्या करून १२० दाखवतो, म्हणजे स्पीड मिळतो पण चित्र अर्ध्या बारकाव्याचं. ते अगदीच टाकाऊ नाही, शूटिंग गेम खेळणाऱ्याला चालतं, पण ते १२० म्हणून विकणं म्हणजे... असो. कंपनीच्या स्वतःच्या पेजवर नेटिव्ह रिफ्रेश रेट आणि प्रत्येक एचडीएमआय पोर्टसमोर काय लिहिलंय तेवढंच खरं मानायचं. फोरके १२० हर्ट्झ पूर्ण जायला एचडीएमआय २.१ लागतं, त्याची क्षमता ४८ गिगाबिटपर्यंत असते, २.० ची १८, आणि १८ मध्ये फोरके ६० पर्यंतच जातं.

पुतण्याला मी सरळ विचारलं की खेळतोस काय. क्रिकेट, फुटबॉल, आणि मोठे कथेवाले गेम. मग १२० हर्ट्झची गरज काय असा भावाचा प्रश्न, आणि प्रश्न रास्त आहे, कारण पीएस५ वर खऱ्या १२० फ्रेमने चालणारे गेम मोजकेच. पण कथेवाल्या काही गेमांना ४० फ्रेमचा मोड असतो, जो १२० हर्ट्झच्या टीव्हीवरच नीट चालतो, कारण १२० ला ४० ने भाग जातो आणि ६० ला जात नाही. ३० फ्रेमवर चित्र सुंदर पण अडखळतं, ६० वर गुळगुळीत पण चित्र जरा उतरतं, ४० हा मधला मार्ग आणि बघायला फार छान. दुसरं व्हीआरआर, गेमच्या फ्रेम वरखाली झाल्या की टीव्ही त्याच्याबरोबर वरखाली होतो, पीएस५ ला हे एप्रिल २०२२ च्या अपडेटपासून आलं आणि ते फक्त एचडीएमआय २.१ वालं व्हीआरआरच घेतं. आणि तिसरं गेमशी संबंधित नाहीच. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचे असतात. १२० ला २४ ने भागलं की बरोबर पाच, प्रत्येक फ्रेम पाच वेळा. ६० ला भागलं तर अडीच, मग एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा असं करावं लागतं, कॅमेरा आडवा फिरला की बारीक झटके दिसतात ते त्याचेच. काही ६० हर्ट्झचे टीव्ही हे सांभाळून घेतात, सगळे नाही. हे ऐकल्यावर वहिनी पहिल्यांदा चर्चेत आल्या, कारण ते झटके त्यांना जुन्या टीव्हीवर दिसायचे आणि भाऊ म्हणायचा तुला भास होतो.

म्हणून यादी उरली ती ६५ इंची, मिनी एलईडी, नेटिव्ह १२० किंवा १४४ हर्ट्झ, व्हीए पॅनल. व्हीए आणि आयपीएस हे एलसीडी पॅनलचे दोन प्रकार. व्हीए का, तर त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, ३,००० ला १ च्या वर जातो, आयपीएसचा १,००० च्या आसपास. आयपीएस बाजूने बरा दिसतो, पण ह्यांचा सोफा सरळ समोर आहे, बाजूने बघणारं कोणी नाही. हॉल एल आकाराचा असता, जेवणाच्या टेबलावरून तिरकं बघायचं असतं, तर आयपीएसचा विचार केला असता. अशा टीव्हीच्या किमती आता ७०-८० हजारांत येतात, त्यात जीएसटीचा हात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवर २८ टक्क्यांऐवजी १८ टक्के झाला, म्हणजे जो आधी कर धरून ८०,००० ला होता तो गणिताने ७३,७५० ला बसतो, दुकानदाराने पूर्ण फायदा पुढे दिला तर.

शोरूममध्ये आम्ही पेनड्राइव्ह घेऊन गेलो. तिथे सगळे टीव्ही व्हिव्हिड मोडवर असतात, वरती पांढरे लाईट, आणि चालू काय तर पोपट, फुलं, मधाचे थेंब. त्यात सगळेच टीव्ही भारी दिसतात. आपण तीन गोष्टी लावायच्या. एक अंधारा सीन ज्यात पांढरे सबटायटल आहेत: मिनी एलईडीत अक्षरांभोवती उजेडाचं वलय किती पसरतं ते बघायचं, थोडं येणारच, पण एका मॉडेलमध्ये ते इतकं होतं की खालची काळी पट्टी दुधाळ दिसत होती, तो तिथेच बाद. दुसरी, मॅचची क्लिप ज्यात कॅमेरा चेंडूच्या मागे मैदानावरून पळतो: पॅनल एकसारखा नसेल तर हिरवळीवर मळकट पट्टे तरंगताना दिसतात, एकदा दिसले की आयुष्यभर दिसतात. तिसरी, एक जुनी एसडी क्वालिटीची क्लिप. सेल्समन आधी वैतागला, नंतर त्यालाच मजा यायला लागली आणि त्याने आपणहून मोड बदलून मूव्ही मोडवर लावून दिलं.

एसडी क्लिप का, ह्यावर जरा थांबतो, कारण हे कोणी सांगत नाही. एसडी चॅनलचं चित्र ७२० बाय ५७६ चं, म्हणजे साधारण चार लाख पंधरा हजार पिक्सेल. फोरके पडद्यावर ८३ लाख. म्हणजे एका पिक्सेलचे वीस करायचे, आणि ते टीव्हीने अंदाजाने करायचे. घरी नवा कोरा टीव्ही येतो आणि मावशी म्हणते जुनाच बरा होता, ते ह्यामुळे. ४३ वर जे खपून जायचं ते ६५ वर चेहऱ्याला मेण फासल्यासारखं दिसतं. अपस्केलिंग ज्याचं बरं तो टीव्ही घ्यायचा हा एक भाग, पण त्याहून सोपा उपाय म्हणजे केबलवाल्याला फोन करून झी मराठी आणि स्टार प्रवाह दोन्ही एचडीत घेणं आणि सेट-टॉप बॉक्सही एचडीचा आहे ना ते बघणं. ह्यांच्याकडे बॉक्स एचडी, पॅक एसडी. महिन्याला थोडे पैसे वाढले, मावशी खूश. तसंच नेटफ्लिक्सचं, फोरके फक्त ६४९ च्या प्लॅनमध्ये आहे, ४९९ मध्ये १०८०पी पर्यंतच. पाऊण लाखाचा टीव्ही आणि १९९ चा प्लॅन अशी घरं मी पाहिलीत.

घेतला शेवटी नाशिकच्याच दुकानातून, ऑनलाईनपेक्षा दीडेक हजार जास्त देऊन. कारण पॅनल वाटेत तडकला तर वाद कोणाशी घालायचा हा प्रश्न, आणि दुकानवाल्याने घरी येऊन खोकं उघडून चालू करून दाखवायचं कबूल केलं. खोकं जवळपास १६० सेंटीमीटर लांब, ते ह्यांच्या लिफ्टमध्ये तिरकं केलं तरी बसेना, आणि टीव्ही आडवा झोपवून न्यायचा नसतो, म्हणून दोघांनी जिन्याने उभाच वर नेला. ऑर्डरआधी लिफ्ट मोजा. ७५ असता तर जिन्याच्या वळणावरच मुक्काम होता.

भिंत सिपोरेक्सची निघाली. नव्या बिल्डिंगांमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा ह्याच हलक्या ब्लॉकच्या असतात, आणि त्यात साधी गिट्टी ठोकून वीसेक किलोचा टीव्ही लटकवला तर आज ना उद्या ती सैल होते. इन्स्टॉल करणारा पोरगा नेहमीचे स्क्रू काढून तयार होता, त्याला थांबवून नाशिकच्याच द्वारका भागातून सिपोरेक्सचे लांब फास्टनर मागवले, दोनशे-तीनशे रुपयांचं काम. उंचीवरूनही वाद झाला, सुताराने टीव्ही युनिटचा पॅनल असा केला होता की टीव्ही थेट देवघराच्या लेव्हलला जात होता. बसलेल्या माणसाच्या डोळ्याची उंची साधारण साडेतीन फूट, पडद्याचा मध्य तिथेच हवा. खाली घेतला.

सगळं लावून झाल्यावर पुतण्याने पीएस५ जोडला आणि स्क्रीन अँड व्हिडिओच्या सेटिंगमध्ये गेला तर टीव्ही ६० हर्ट्झच दाखवतोय. घरात एकदम शांतता, भावाचा चेहरा बघण्यासारखा. झालं होतं असं की सुताराने पॅनलच्या मागून आधीच एक लांब जुनी एचडीएमआय केबल लपवून घेतली होती आणि पोराने तीच जोडली, शिवाय टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टचा एन्हान्स्ड फॉरमॅट, म्हणजे पोर्टला पूर्ण वेगाने चालू देणारं सेटिंग, बंद होता, कंपन्या तो बऱ्याचदा बंदच पाठवतात. पीएस५ च्या खोक्यातली केबल लावली, फॉरमॅट चालू केला, १२० आलं, व्हीआरआरपण आलं. कन्सोल आता टीव्हीच्या खालीच ठेवलाय कारण लांब साध्या केबलीला एवढा डेटा झेपत नाही.

सेटिंग फार नाही केलं. फिल्ममेकर मोड, मोशन स्मूदिंग (तेच ते एमईएमसी) बंद, शार्पनेस खाली, लोकल डिमिंग हाय, आणि ऊर्जा वाचवायचा सेन्सर बंद कारण तो रात्री चित्र मारून टाकतो. वहिनींना पहिले दोन दिवस चित्र पिवळसर वाटलं, मग सवय झाली. काकांच्या न्यूजला वेगळा ब्राइट मोड करून दिला, सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटला तो लक्षात राहतो. विजेचं विचारलं काकांनी, तर सरासरी १५० वॉट धरले आणि रोज पाच तास, तरी महिन्याला बावीस-तेवीस युनिट. महावितरणच्या बिलात स्लॅब बदलायच्या उंबरठ्यावर असाल तरच जाणवेल.

एक अडचण मात्र उरलीय. ह्या टीव्हीला चार एचडीएमआय, त्यातले २.१ वाले दोनच, आणि त्या दोनातला एक ईआर्कचा, म्हणजे साउंडबारला आवाज पाठवणारा. सध्या एकात पीएस५, दुसरा रिकामा, सेट-टॉप बॉक्स साध्या पोर्टात. दिवाळीत साउंडबार आला की तो ईआर्कच्या पोर्टात जाणार, आणि पुतण्या आत्तापासून म्हणतोय की मित्राचा एक्सबॉक्स आणून जोडायचाय. मी सांगितलं साउंडबारच असा बघ ज्याला स्वतःचं एचडीएमआय इन आहे आणि त्यातून फोरके १२० पुढे जातं, तसे स्वस्तात कमीच मिळतात. नाहीतर एक्सबॉक्सवाल्या दिवशी केबल काढघाल करा. भाऊ म्हणतोय काढघाल करू.